धुऱ्यावरच्या दोन भिंती

आमच्या ले-आउटमधल्या रस्त्यानं फिरायला निघालं की भिंत येते. डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलं आहे, गुडघे आखडतात म्हणून. मी घरून निघते, दोन्ही बाजूंची बंद फाटकं पाहत भिंतीपर्यंत जाते आणि परत फिरते. मग दुसऱ्या टोकाला महामार्गापर्यंत जाते. तिथं ट्रक. परत फिरते. पुन्हा भिंत. सून म्हणते, आई, तुम्ही फिरता की पहारा देता? तिचं चुकत नाही. पण घरात बसलं की पाय वळवळतात आणि बाहेर निघालं की रस्ता संपतो.

पूर्वी आमचं गाव मूल शहराच्या बाहेर होतं. मूल वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं आणि आमच्यावरून पुढंही निघून गेलं. गावातल्या गल्ल्या कोणी आखल्या नव्हत्या. ढोरं बोडीवर पाण्याला जायची, त्यांच्यामागं माणसं जायची, त्या वाटेच्या कडेनं घरं उभी राहिली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. कोणतीही गल्ली धरा, तुम्ही बोडीवर पोचणार. मध्ये बोळ, बोळातून दुसरी गल्ली, कोणाच्या तरी अंगणातून तिसरी. जिच्याशी भांडण असेल तिचं घर टाळून विहिरीवर जाता यायचं. जिच्याकडून बातमी काढायची असेल तिच्या दारावरून मुद्दाम जाता यायचं. आता ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यानं येते, आणि जिचं तोंड पाहायचं नसतं तिचं दोनदा पाहते.

मला त्या गल्ल्यांचं कौतुक नाही. पावसाळ्यात चिखलात चप्पल रुतून बसायची, डुकरं अंगावर यायची, आणि बाळंतीण अडली तर तिला खाटेवर टाकून सडकेपर्यंत न्यावं लागायचं. सिमेंटचा रस्ता चांगला. फक्त तो कुठंतरी जायला पाहिजे.

या भिंतीची गोष्ट सांगायची तर आधी धुऱ्याची सांगावी लागेल. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, मातीचा उंच काठ असतो, पाणी अडवायला. त्याला आम्ही धुरा म्हणतो. आमच्या वावराला लागून एका बौद्ध घराचं वावर होतं आणि मध्ये एक धुरा. अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. आपापल्या अर्ध्यावर ज्यानं त्यानं तूर लावायची, आणि दोन तुरींच्या मधून पायवाट. धुऱ्याला कोणी रस्ता म्हणत नाही, पण सगळे त्याच्यावरूनच जातात. आजूबाजूच्या चार वावरांतली माणसं, शेळ्या, गुराखी, सगळे.

त्या वावरातली सून माझ्याच वयाची. आम्ही दोघी जवळजवळ एकाच वेळी लग्न होऊन गावात आलो. धान रोवण्याच्या दिवसांत ती त्यांच्या बांधीत वाकलेली, मी आमच्या बांधीत वाकलेली, आणि मागं मागं सरकत दोघी धुऱ्यापाशी एकत्र यायचो. मग धुऱ्यावर बसून आपापलं फडकं सोडायचं. तिच्या हातची जवसाची चटणी मी खूप खाल्ली. धुऱ्यावर चालायचं. घरी चाललं नसतं. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, विहीर वेगळी. तिकडं जायला वाट होती, कोणी अडवलेली नव्हती, जायचं नाही एवढंच. मी कधी गेले नाही. ती कामानं आमच्याकडं यायची, अंगणात उभी राहायची, बोलायची, जायची. तेव्हा असंच होतं आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही. बोलायला दुसरं पुष्कळ होतं. सासवा होत्या.

मग वावरं घेऊन प्लॉट पाडणारे ले-आउटवाले आले. महामार्गाच्या कडेची वावरं आधी गेली, मागोमाग आमची. आमचं एकानं घेतलं, त्यांचं दुसऱ्यानं. दोन्ही घरांनी पोरांसाठी आपल्याच वावरातला एकेक प्लॉट राखून ठेवला. मोजणीच्या दिवशी दोन्हीकडची माणसं धुऱ्यावर उभी राहिली, आणि दोन्हीकडच्यांनी एकच गोष्ट मागितली, धुऱ्याच्या मधोमध चुन्याची रेघ. अर्धा धुरा आमच्यात मोजा, अर्धा त्यांच्यात. हक्काची जागा, कोण सोडतो? आमचे यजमान तेव्हा होते. ते तर वाकून रेघ सरळ आहे की नाही पाहत होते. मोजणारा म्हणाला, "अहो, हा जाण्यायेण्याचा आहे, राहू द्या की मधात." दोन्हीकडचे बाप्ये त्याच्यावरच खेकसले. पायवाट उभी चिरून विकली, आणि विकून झाल्यावर दोन्ही घरं खूश होती.

ज्यानं त्यानं आपल्या रेघेवर भिंत बांधली. म्हणजे भिंती दोन झाल्या. मध्ये वीतभर जागा उरली, तिथं मांजरी वितात आणि कॅरीबॅगा अडकतात. इकडून पाहिलं की एकच भिंत दिसते.

सगळीकडं हेच आहे. लेक चंद्रपूरला दिली, तिच्या घराच्या गच्चीवरून तिच्या पोरीची शाळा दिसते. घंटा ऐकू येते. पोरीला मात्र रिक्षानं चौकात जाऊन, वळून, दुसऱ्या बाजूनं सोडावं लागतं, कारण मधल्या दोन ले-आउटवाल्यांचे रस्ते एकमेकांना भेटत नाहीत. गडचिरोलीला भाचीकडं गेले, तिथंही तेच. माशाचा काटा असतो ना, मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना बारीक बारीक? तसं. मोठा काटा म्हणजे महामार्ग. बारीक काटे सगळे त्याला चिकटलेले, एकमेकांना एकही लागत नाही. गाव वाढतं म्हणतात. मला तर वाटतं एकेक काटा वाढतो.

तर धुऱ्यावरच्या माझ्या मैत्रिणीच्या पोरानं, तो मास्तर आहे, भिंतीपलीकडं घर बांधलं. आमच्या पोरानं अलीकडं. तिच्या कुकरची शिट्टी मला ऐकू येते. सुरुवातीला ती यायची. महामार्गानं, पदर डोक्यावर घेऊन, ट्रकच्या धुळीतून. लोखंडाच्या दगडाचे ट्रक, त्यांना ना आगा ना पिछा. यायची, फाटकाशी उभी राहायची, बोलायची, जायची. मग यायची बंद झाली. मी म्हटलं, म्हातारी रुसली असेल. एक दिवस भाजीवाला आला. तो या ले-आउटमधून त्या ले-आउटमध्ये गाडी फिरवतो, त्याला सगळं ठाऊक. वांगी तोलता तोलता म्हणाला, "तुमची ती मैत्रीण पडली ना बाई. खुब्यातून गेली. आता वॉकर घेऊन चालते."

भिंतीपलीकडं माणूस पडलं, ऑपरेशन होऊन घरी आलं, आणि मला वांग्यांबरोबर कळलं.

मी त्याच दिवशी निघाले. पोरानं महामार्गावरूनच परत आणलं. मोटारसायकल आडवी घातली.

"आई, या रोडनं पायी जाऊ नको म्हटलं ना तुले?"

"मंग कोनत्या रोडनं जाऊ? दुसरा दाखव."

"मी नेऊन देतो रविवारी."

रविवार आला की त्याला काम असायचं. पुढच्या रविवारीही असायचं. मला कळत होतं, काम हे एकच कारण नव्हतं, पण तो बोलत नव्हता आणि मी विचारलं नाही. मी संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन उभी राहू लागले. हाक मारली तर पलीकडून ऐकू जायचं, पण दोघींचे कान आता तसेच, आणि ओरडून बोललेलं सगळी गल्ली ऐकते. सुनेची चुगली ओरडून कशी करणार?

म्हणून मी ठरवलं की भिंतीला फाटक पाहिजे. माणूस जाईल एवढं.

ले-आउटच्या ओपन स्पेसमध्ये मारुतीचं देऊळ बांधलं आहे, तिथं मिटिंग होते. बायका जात नाहीत. मी गेले आणि पायरीवर बसले. पेन्शनीत निघालेले एक बाबू मिटिंग चालवतात. ते म्हणाले, "आजी, फाटक ठेवलं तर सेक्युरिटीचं काय? कोणीही येईल."

"कोन येईल?"

"चोर येतील."

"चोर काय फाटकातून येते? भिंतीवरून येते. फाटकातून मी जाईन."

एक तरुण होता, नवी गाडी घेतलेला. तो हसून म्हणाला, "आजी, वावर तुमचंच होतं. तुम्हीच विकलं. तेव्हा नाई आठवलं का?"

"वावर विकलं पोरा. पाय नाई विकले."

लोक हसले. मग कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "तसं नाही, पण तिकडचे लोक..." आणि पुढं थांबलं. सगळेच देवळाच्या घंटेकडं पाहू लागले.

"तिकडचे म्हनजे कोनते?" मी विचारलं. "बोल ना. तोंडात काय सुपारी हाय?"

मिटिंग संपली. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्यामुळं त्याची मान खाली गेली म्हणे.

माझ्या पायांसाठी ती भिंत कधीच फुटली नसती. ती पाण्यानं फोडली. आमचं वावर उंचावर, त्यांचं खाली. धुऱ्याला पाणी सोडायचं तोंड होतं, ते भिंतीखाली गाडलं गेलं. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी तुंबलं आणि त्या तरुणाची नवी गाडी दारापर्यंत पाण्यात उभी राहिली. मग काय, सगळ्यांना आठवलं की पाणी तिकडंच जायचं. दोन्ही ले-आउटची माणसं महामार्गावरच्या टपरीवर भेटली, चहा पिऊन ठरलं, दोन्ही भिंतींच्या खालून पाइप टाकायचा. पाण्याला कोणाची हरकत नव्हती. पाइपसाठी आमची भिंत फोडलीच होती, तर मी गवंड्याच्या डोक्याशी उभी राहिले. म्हटलं, आता बुजवू नको, इथं फाटक बसव. बाबू कंटाळून म्हणाले, बसवा बुवा, नाहीतर ही बाई पुन्हा मिटिंगला येईल.

दोन भिंती आहेत हे मला ठाऊक होतं. पण आमची फुटली की त्यांची फुटेल, असं मी धरूनच चालले होते. मास्तर शिकलेला, त्याची आई माझी मैत्रीण, त्यात काय विचारायचं? लोखंडी फाटक बसलं, हिरवा रंग दिला. मी कडी काढली, फाटक उघडलं, आणि समोर वीतभरावर त्यांची भिंत. विटा, सिमेंट, वर काचा. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसली. आमच्या ले-आउटमध्ये पाहुणा आला की अजून त्याला ते फाटक दाखवायला नेतात.

मी हाक मारली. बऱ्याच वेळानं पलीकडं वॉकरची टकटक आली.

"काय वं, फाटक लावलं म्हनते तुमच्याइकडं."

"लावलं ना. तुह्या पोराले सांग, तुमच्याइकडची फोडाले."

"नाई सांगत."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनली?"

"नाई सांगत म्हटलं. आमची बी मिटिंग झाली. विहारात. पोरगा तं हो म्हनून राह्यला होता. मीच नाई म्हटलं."

"काऊन वं?"

पलीकडं तिनं वॉकरवर भार बदलला असावा, लोखंड करकरलं.

"सारी जिंदगी धुऱ्यावर भेटलो आपुन. मी तुह्या आंगनात उभी राह्यली, फाटकाशी उभी राह्यली. तू धुऱ्याच्या पुढं नाई आली. आता माह्या घराले रस्ता हाय, दार हाय, दारात टाइल लावली हाय सुनेनं. तिथून ये."

"अन् इथून आली तं टाइल फुटते का तुही?"

"मागून मांजर येते बाई. तू पुढून ये."

"माह्या गुडघ्याइले सांग मंग."

"आटो भेटते," ती म्हणाली, आणि टकटक करत निघून गेली. माझ्याकडं चालायला पाय आहेत, तिला वॉकर आहे, आणि पाठ दाखवून गेली ती. मी त्या भिंतीला दोन शिव्या दिल्या. तिलाच दिल्या, पण भिंत मध्ये होती.

त्यानंतर काही दिवस मी त्या टोकाला फिरायला जाणं सोडलं. घरापासून महामार्गापर्यंत आणि परत, एवढंच. तेवढ्यानं जीव भरेना. रात्रीचा भात उतरेना. सुनेवर तोंड सुटायचं. राग येण्यासारखंच होतं. मी भर मिटिंगमध्ये लोकांची तोंडं बंद केली, भिंत फोडवली, पोराचा अबोला सोसला, आणि हिनं एका वाक्यात सगळं पाण्यात घातलं. पण रागात एक गोष्ट खुपत होती. ती जे बोलली त्यातलं खोटं काय, ते मला सापडत नव्हतं. पुष्कळ शोधलं.

आणि दुसरं साधं होतं. ती म्हातारी, मी म्हातारी. तिचा एक खुबा गेला, दुसरा कधीही जाईल. माझंही तसंच. आम्ही दोघी भिंत कोणी फोडायची यावर अडून बसलो तर एक दिवस भाजीवालाच येऊन सांगेल, वांगी तोलता तोलता.

एका सकाळी मी अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसले. सून म्हणाली, "कुठं चालल्या आई?"

"मास्तराच्या घरी."

"त्या फाटकातून?"

"नाई. रस्त्यानं. आटो बोलाव."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग मोबाइल काढला. तिनं पोराला काही कळवलं नाही, हे तिनं चांगलं केलं.

आटोत बसल्यावर समजलं की रस्ता किती लांब आहे. महामार्गाच्या मध्ये आता दुभाजक घातला आहे. पलीकडच्या पट्ट्यावर जायला आधी मूलच्या दिशेनं बरंच पुढं जायचं, तिथं कट आहे, तिथून वळायचं, त्यांच्या ले-आउटवरून पुढं जाऊन पुन्हा वळायचं आणि मग परत यायचं. आटोवाला म्हणाला, तो कटही बंद करणार आहेत, मग आणखी पुढून वळावं लागेल. मागून ट्रक, पुढून ट्रक, मी लोखंडी दांडी धरून बसलेली. जिथं पूर्वी तूर ओलांडून जात होते तिथं जायला मी अर्ध्या मूलला प्रदक्षिणा घातली.

त्यांचं ले-आउट आमच्यासारखंच निघालं. तसलाच सिमेंटचा रस्ता, तसलीच बंद फाटकं, तशीच टोकाला भिंत. देवळाच्या जागी विहार, बस. एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आटो थांबल्यावर तिनं वर पाहिलं. "कोनाकडं आल्या?"

"मास्तराच्या आईकडं."

"कोन तुम्ही?"

काय सांगणार? म्हटलं, "मागच्या वावरातली."

दार उघडंच होतं. टाइल खरंच लावली होती, निळी, पाय घसरेल अशी. मी चप्पल काढली, कठडा धरला आणि आत पाय टाकला. ती समोरच खुर्चीत बसली होती, वॉकर पुढं. उठली नाही. उठता आलं नसतं, आणि आलं असतं तरी उठली नसती, मी तिला ओळखते. मी सवयीनं दाराजवळच्या पाटावर टेकायला लागले तर म्हणाली, "तिथी नाई. इथी बस." शेजारच्या खुर्चीवर तिनं हात ठेवला.

मी बसले. ती फार वाळली होती. गालाची हाडं वर आली होती, पण केस नीट विंचरलेले, बांगड्या नव्या. तिनं माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"लय तरास झाला का?"

"झाला. कट बंद करून राह्यले ते. पुढच्या खेपेले आनखी फेरा पडते."

"पडू दे. आटोले पाय थोडी लागते."

तिची सून चहा घेऊन आली. तिनं मला कप दिला आणि तिथंच उभी राहिली, ट्रे हातात धरून. माझ्या कपाकडं पाहत होती. सासूनंही पाहिलं, मग मुद्दाम खिडकीकडं पाहू लागली. मला दोघींचं कळलं. मी बशीत न ओतता तोंडाला कप लावला आणि अर्धा संपवला. जीभ भाजली.

सून आत गेली. मास्तराची आई अजून खिडकीकडंच पाहत होती.

"साखर लय झाली," मी म्हटलं.

"मंग? पह्यल्यांदा आलेल्या पाहुनीले फिका देऊ का?"

"आज पेते. मंगळवारी कमी टाकाले सांग."